लाईट गेली तरी उधारी शाबूत: छोट्या दुकानासाठी आपोआप बॅकअपची मांडणी

माझं सांगली जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीची औषधं. मृगाआधीचे पंधरा दिवस आमची दिवाळी असते आणि वळीवही नेमका तेव्हाच झोडपतो. काही वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी दुकानात सोयाबीनच्या बियाण्याला गर्दी होती आणि दहा मिनिटांत लाईट तीनदा गेली-आली. कॉम्प्युटर घरगुती इन्व्हर्टरवर होता, त्यामुळे मी निवांत होतो. तिसऱ्या झटक्याला तो बंद पडला. सुरू केला तेव्हा हिशेबाच्या सॉफ्टवेअरने कंपनी उघडायलाच नकार दिला.

बिलिंगला बसणाऱ्या मुलाने घाबरून 'रिपेअर' दाबलं. कंपनी उघडली, पण मधल्या बऱ्याच नोंदी गायब. पेनड्राइव्हवरचा शेवटचा बॅकअप गुढीपाडव्याचा निघाला. पाडव्यापासूनची सगळी उधारी पुढे अकरा रात्री बसून बिलांच्या कार्बन प्रतींवरून पुन्हा चढवली. गावात बातमी पसरल्यावर बरेच शेतकरी आपणहून आपापली बिलं घेऊन आले, हे आवर्जून सांगतो. काही आले नाहीत, तेही खरं.

त्यानंतर जे शिकलो ते खाली क्रमाने लिहिलंय. मी कॉम्प्युटरचा माणूस नाही. वीज बेभरवशाची, इंटरनेट त्याहून बेभरवशाचं आणि दुकानात 'आयटीवाला' कुणी नाही, अशांसाठी हे आहे. मोठा सर्व्हर असेल तर जाणकार माणूस गाठा.

१. आधी समजून घ्या: लाईट जाते तेव्हा बिघडतं काय

आपण बिल सेव्ह करतो तेव्हा सॉफ्टवेअर एकाच फाईलमध्ये लिहीत नाही. व्हाउचर, खातं, स्टॉक, अनुक्रम अशा अनेक ठिकाणी लिहितं. निम्म्या ठिकाणी लिहून झालं आणि वीज गेली, तर फाईल्सचा एकमेकींशी मेळ राहत नाही. शिवाय विंडोज वेग वाढवण्यासाठी काही माहिती आधी मेमरीत धरून ठेवतं आणि नंतर डिस्कवर उतरवतं. मेमरीतलं ते विजेबरोबर जातं.

एकदा लाईट जाऊन चार तास न येणं त्या मानाने सोपं. खरा त्रास लपकणाऱ्या लाईटचा असतो. गेली, आली, पुन्हा गेली. कॉम्प्युटर सुरू होतानाच पुन्हा बंद पडतो आणि विंडोजच्या फाईल्सनाही दगाफटका होतो. दुसरा धोका लाईट परत येतानाचा. गल्लीतले सगळे पंप, फ्रिज, पंखे एकदम सुरू होतात आणि व्होल्टेज वरखाली होतं. न्यूट्रल तुटला असेल तर २३० व्होल्टच्या जागी कितीतरी जास्त दाब येऊ शकतो. तेव्हा डेटाच नाही, डिस्कच जाते, आणि त्याच कॉम्प्युटरला बॅकअपची डिस्क जोडलेली असेल तर तीही.

म्हणून कामं दोन आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. यूपीएस (लाईट गेली की थोडा वेळ कॉम्प्युटर चालवणारा बॅटरीचा डबा) म्हणजे बॅकअप नव्हे, तो फक्त सावकाश बंद व्हायला वेळ देतो. आणि बॅकअप असला तरी रोज फाईल बिघडणं परवडत नाही. दोन्ही लागतं, आणि दोन्ही माणसाच्या आठवणीवर न ठेवता. गर्दीच्या दिवशी माणूस बॅकअप विसरतो, आणि घोळ नेमका गर्दीच्याच दिवशी होतो.

२. काय वाचवायचं ते ठरवा

एक वही घ्या आणि स्वतःला विचारा: ही माहिती माझ्याशिवाय आणखी कुणाकडे आहे का?

खताची विक्री पॉस मशीनवर अंगठा घेऊन होते, ती सरकारी सर्व्हरवर जाते. बँकेचा हिशेब बँकेकडे असतो. कंपन्यांची खरेदी बिलं मागितली की पुन्हा मिळतात. जीएसटीचं विवरण पोर्टलवर दिसतं, पण नोंदणी नसलेल्या शेतकऱ्यांना केलेली किरकोळ विक्री तिथे कराच्या दराप्रमाणे एकत्र बेरजेने जाते, नावानिशी नाही. म्हणजे अमक्याने कोणत्या तारखेला काय नेलं आणि उसाचं बिल आल्यावर किती देणं आहे, हे जगात फक्त तुमच्या कॉम्प्युटरला माहीत असतं. ते पहिलं वाचवायचं.

माझी यादी: हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा फोल्डर, औषधांच्या बॅच नंबर आणि मुदतीची एक्सेल फाईल, परवाना, भाडेकरार आणि कंपन्यांची पत्रं स्कॅन केलेला फोल्डर, गिऱ्हाइकांचे फोन नंबर. एवढंच. गाणी, लग्नाचे फोटो आणि डाउनलोडचा कचरा बॅकअपमध्ये कोंबू नका. आकार वाढला की प्रत काढायला वेळ लागतो, मग कुणीतरी ती बंद करून टाकतं.

हिशेबाचं सॉफ्टवेअर टॅली असो, बिझी असो वा मार्ग, डेटा नेमका कोणत्या फोल्डरात बसतो ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. टॅलीत कंपनी निवडायच्या पडद्यावर त्याचा पाथ दिसतो आणि आत आकड्यांच्या नावांचे फोल्डर असतात, एका कंपनीला एक. तो पाथ वहीत लिहा. 'डेस्कटॉपवर आहे' असं म्हणणाऱ्यांकडे बहुतेक वेळा फक्त शॉर्टकट असतो. एका ओळखीच्याने वर्षभर त्या शॉर्टकटचाच बॅकअप घेतला होता.

३. साहित्य आणि कागद

- यूएसबी पोर्ट असलेला यूपीएस, क्षमता ६०० व्हीए किंवा जास्त. पोर्ट आहे ना, हे दुकानातच बॉक्स उघडून बघा.
- एक टीबीच्या दोन बाहेरच्या हार्ड डिस्क. एक नव्हे, दोन.
- राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस.
- चांगल्या अर्थिंगचा सॉकेट. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, नुसती तिसरी पिन असणं पुरेसं नाही.
- मालकाच्या नावाचं, मालकाच्या मोबाईलला जोडलेलं ईमेल खातं.
- सॉफ्टवेअरचा सीरियल नंबर, लॉगिन आणि विंडोजचा पासवर्ड, कागदावर लिहून घरच्या कपाटात.
- वीजबिलावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक. महावितरणकडे त्यावर मोबाईल नंबर नोंदवला असेल तर देखभालीसाठी लाईट बंद राहणार असल्याचा एसएमएस येतो. तक्रारीसाठी १९१२.
- छापील बिलबुक, कार्बनसह. हसू नका, पुढे कळेल.

नवा कॉम्प्युटर घ्यायचाच असेल तर माझं मत स्पष्ट आहे: बिलिंगसाठी लॅपटॉप घ्या. त्याच्या पोटातच बॅटरी असते, लाईट गेलेली त्याला कळते, आणि खालचा निम्मा खटाटोप वाचतो. मोठा पडदा आणि कीबोर्ड बाहेरून जोडता येतो. माझ्याकडे डेस्कटॉप आधीपासून होता म्हणून मला यूपीएसच्या वाटेने जावं लागलं.

४. यूपीएस, आणि इन्व्हर्टरचा गैरसमज

घरगुती इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालतो, पण लाईट जाऊन इन्व्हर्टर लागेपर्यंत क्षणभर खंड पडतो. कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय साधारण १५-२० मिलिसेकंद तग धरतो. खंड त्याहून मोठा झाला की रीस्टार्ट. पंख्याला आणि ट्यूबला हे कळतही नाही, म्हणून आपल्याला वाटतं की इन्व्हर्टर उत्तम चाललाय.

बऱ्याच इन्व्हर्टरांच्या मागे एक बटण असतं: एका बाजूला यूपीएस मोड, दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको. माझ्याकडे ते पहिल्या दिवसापासून नॉर्मलवर होतं. यूपीएस मोडवर खंड कमी होतो, पण एक गोम आहे. त्या मोडमध्ये इन्व्हर्टरला बऱ्यापैकी नीट व्होल्टेज लागतं, कमी दाबाला तो लगेच बॅटरीवर जातो. आमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज उतरतं, तेव्हा लाईट असूनही बॅटरी संपत राहायची. म्हणून मी इन्व्हर्टर दिव्या-पंख्यांना ठेवला आणि कॉम्प्युटरला स्वतंत्र यूपीएस दिला.

यूपीएस 'लाईन इंटरॅक्टिव्ह' प्रकारचा घ्या. तो थोडंफार कमी-जास्त व्होल्टेज बॅटरीला हात न लावता सुधारून घेतो. आता हिशेब. ६०० व्हीएच्या यूपीएसवर साधारण ३६० वॅटपर्यंत भार चालतो, आणि आत बहुधा १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरची एक बॅटरी असते, म्हणजे ८४ वॅट-अवर. कॉम्प्युटर आणि पडदा मिळून १२० वॅट घेत असतील तर कागदावर चाळीस मिनिटं निघतात. प्रत्यक्षात नव्या बॅटरीवर पंधरा-वीस मिनिटं धरा, जुन्यावर पाच. बिल पूर्ण करून कॉम्प्युटर बंद करायला पाच मिनिटं पुरतात. यूपीएसवर दुकान चालवायचं नसतं.

लेझर प्रिंटर यूपीएसला लावू नका. तापताना तो एकदम शेकडो वॅट ओढतो आणि यूपीएस धापकन बसतो, म्हणजे लाईट जाण्यापेक्षा वाईट. मिक्सर, मोबाईल चार्जर, उदबत्तीशेजारचा देवाचा दिवा, सगळं तिथून काढा. जनरेटर असेल तर तो स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबून मगच कॉम्प्युटर लावा.

५. लाईट गेल्यावर कॉम्प्युटर आपोआप बंद व्हायला शिकवा

ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. यूपीएससोबत आलेली यूएसबी वायर बॉक्समध्येच राहते. ती वायर जोडल्याशिवाय कॉम्प्युटरला लाईट गेल्याचं कळत नाही. तुम्ही जेवायला गेलात, लाईट गेली, यूपीएस वीस मिनिटं कोकलून संपला, की व्हायचं तेच होतं.

वायर जोडा. यूपीएस ओळखला गेला तर घड्याळाशेजारी लॅपटॉपसारखं बॅटरीचं चिन्ह दिसतं. नाही दिसलं तर कंपनीचं सॉफ्टवेअर टाका. मग कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, प्रगत सेटिंग्ज, त्यात बॅटरी. 'क्रिटिकल बॅटरी लेव्हल' मी ४० टक्के ठेवलीय. मूळची असते त्याच्या कितीतरी वर, कारण जुनी बॅटरी ४० वरून शून्यावर झपकन येते. 'क्रिटिकल बॅटरी अॅक्शन'ला हायबरनेट निवडा. हायबरनेटमध्ये उघडलेलं सगळं डिस्कवर जसंच्या तसं लिहून कॉम्प्युटर बंद होतो, अर्धवट बिलसुद्धा परत दिसतं. 'स्लीप' निवडू नका, स्लीपला वीज लागतेच.

आणखी एक सेटिंग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, असते: वीज परत आल्यावर काय करायचं. 'पॉवर ऑन' केलं तर कॉम्प्युटर आपणहून सुरू होतो. मी ते बंदच ठेवलं. लपकत्या लाईटमध्ये आपोआप सुरू होणारा कॉम्प्युटर म्हणजे पुन्हा पडायला उभा राहिलेला माणूस.

६. आपोआप प्रत: वेळ निवडण्यातच सगळं आहे

पहिल्यांदा मी रात्री अकराची वेळ लावली. चुकलं. दुकान आठला बंद होतं, कॉम्प्युटर बंद, प्रत निघणार कशी? मग दुपारी दोनची लावली. तेव्हा सॉफ्टवेअर उघडं असायचं. उघड्या फाईल्सची प्रत एक तर निघत नाही, किंवा निघते ती अर्धीकच्ची, आणि अर्धीकच्ची प्रत ऐनवेळी तोंडघशी पाडते.

शेवटी जमलं ते असं: सकाळी कॉम्प्युटर सुरू करून लॉगिन केलं की, सॉफ्टवेअर उघडण्याआधी, कालपर्यंतच्या डेटाची प्रत. त्या वेळी बहुधा लाईट असते आणि फाईल्सना कुणी हात लावलेला नसतो. देवापुढे उदबत्ती होईस्तोवर काम उरकतं. दिवसभराची बिलं मात्र या प्रतीत नसतात, म्हणून संध्याकाळी सॉफ्टवेअर बंद केल्यावर दाबायला डेस्कटॉपवर त्याच कामाचं एक चिन्ह ठेवलंय. मुलगा विसरला तर जास्तीत जास्त एका दिवसाची बिलं जातील. कार्बन प्रतींवरून ती तासाभरात चढवता येतात.

साधन म्हणून विंडोजमध्येच असलेली रोबोकॉपी ही प्रत काढायची आज्ञा वापरा, सात-आठ ओळींच्या बॅच फाईलमधून (एकाखाली एक आज्ञा लिहिलेली साधी फाईल). गावातला डिप्लोमा करणारा कुठलाही पोरगा ती लिहून देईल. पैसे देऊन मिळणारी सॉफ्टवेअर छान असतात, पण रोबोकॉपीची प्रत साधा फोल्डर असतो. उद्या कुठल्याही कॉम्प्युटरवर तो तसाच उघडतो, कुणाचं लायसन लागत नाही. पोराला तीन गोष्टी बजावून सांगा.

एक, आठवड्याच्या वारांचे सात फोल्डर हवेत, सोमवारची प्रत सोमवारच्या फोल्डरात. एकच फोल्डर असेल तर काल बिघडलेला डेटा आज चांगल्या प्रतीवर जाऊन बसतो आणि दोन्ही बिघडतात. महिन्याच्या शेवटी एक प्रत वेगळी काढून ठेवा आणि ३१ मार्चची तर कधीच पुसू नका.

दोन, 'मिरर' हा पर्याय जपून. मूळ फोल्डरात जे नाही ते मिरर प्रतीतूनही पुसतो. मूळ फोल्डर रिकामा झाला असेल तर प्रतही तितक्याच प्रामाणिकपणे रिकामी होते. माझ्या फाईलमध्ये मिरर वापरण्याआधी मूळ फोल्डरात काही आहे का, हे तपासणारी एक ओळ आहे.

तीन, पुन्हा प्रयत्न किती वेळा करायचा तो आकडा लिहायचाच. रोबोकॉपीला काही सांगितलं नाही तर अडकलेल्या एका फाईलसाठी ती दहा लाख वेळा प्रयत्न करते, दर वेळी तीस सेकंद थांबून. चेष्टा नाही, मूळ सेटिंगच तशी आहे. माझी बॅच फाईल एकदा पूर्ण दिवस अशीच ध्यानस्थ बसली होती. दोन प्रयत्न, पाच सेकंद पुरे.

आता टास्क शेड्यूलर, म्हणजे ठरवलेलं काम आपोआप सुरू करणारं विंडोजमधलं साधन. नवीन टास्क, ट्रिगर 'अॅट लॉग ऑन', अॅक्शनमध्ये बॅच फाईल. मग 'कंडिशन्स'मध्ये जा. तिथे 'कॉम्प्युटर एसी पॉवरवर असेल तरच टास्क सुरू करा' या अर्थाच्या खुणेवर आधीच टिक असते, आणि खाली 'बॅटरीवर गेल्यास थांबवा' यावरही. लॅपटॉपला आणि यूएसबीने जोडलेल्या यूपीएसलाही हे लागू होतं. म्हणजे लाईट नसेल त्याच दिवशी बॅकअप गप्प बसणार! पहिली टिक काढली. दुसरी पण काढली, कारण प्रत दोन मिनिटांत संपते आणि यूपीएस तेवढा टिकतो. ठरावीक वेळ लावणार असाल तर 'सेटिंग्ज'मध्ये 'चुकलेली वेळ शक्य तितक्या लवकर भरून काढा' या अर्थाची खूणही करा.

विंडोजची प्रत काढायची स्वतःची सोय, फाईल हिस्ट्री, वापरून भागेल का, असं मला विचारतात. कागदपत्रांच्या फोल्डरांसाठी ती चांगली आहे, पण हिशेबाचा डेटा ती धरतेय का हे तपासल्याशिवाय विसंबू नका. तो फोल्डर बहुधा तिच्या यादीबाहेर असतो.

७. गप्प बसलेला बॅकअप ओळखा

आपोआप चालणाऱ्या गोष्टीची खोड अशी, की ती बंदही आपोआप पडते आणि कुणाला सांगत नाही. माझ्या बाहेरच्या डिस्कला विंडोजने 'ई' अक्षर दिलं होतं. एकदा कुणीतरी पेनड्राइव्ह लावून कॉम्प्युटर सुरू केला, 'ई' पेनड्राइव्हला गेलं आणि डिस्क 'एफ' झाली. बॅकअप तीन आठवडे त्या पेनड्राइव्हवर, तो काढल्यावर कुठेच नाही.

उपाय सोपा आहे. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन दोन्ही डिस्कना शेवटचं, कुणी न घेणारं 'झेड' अक्षर कायमचं द्या. दोन्ही एकाच वेळी जोडायच्या नसल्याने एकच अक्षर चालतं. आणि बॅच फाईलच्या शेवटी आजचा वार, प्रतीतल्या फाईल्सची संख्या आणि एकूण आकार पडद्यावर दाखवायला सांगा, कळ दाबेपर्यंत न जाणारा. रोज सकाळी त्या आकड्याकडे बघायचं. कालपेक्षा एकदम कमी झाला तर सॉफ्टवेअर उघडायचं नाही, आधी शोधायचं.

८. दुकानाबाहेरची प्रत

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीच्या बाजारपेठेत शिरलं. २०२१ च्या जुलैत चिपळूणची बाजारपेठ बुडाली. अशा वेळी कॉम्प्युटर आणि शेजारी ठेवलेली बॅकअपची डिस्क एकाच पाण्यात असते, आणि वीज दिवसेंदिवस नसते. म्हणून दोन डिस्क. एक दुकानात जोडलेली, दुसरी घरी, माळ्यावर नव्हे, कपाटात. आठवडी बाजाराच्या दिवशी दुकानातली घरी आणि घरची दुकानात. तीच अदलाबदल रॅन्समवेअरविरुद्धही कामी येते. तो व्हायरस जोडलेल्या सगळ्या डिस्क कुलूपबंद करतो, कपाटातल्या डिस्कला नाही.

घर आणि दुकान एकाच गावात, मग पूर आला तर? त्यासाठी क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरची साठवण. इथे लोक मोठी चूक करतात: हिशेबाचा चालू डेटा फोल्डरच गूगल ड्राइव्हच्या किंवा वनड्राइव्हच्या सिंकमध्ये टाकतात. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं. शिवाय सॉफ्टवेअर लिहीत असतानाच सिंक फाईल उचलायला जातं आणि दोघांची ओढाताण होते. प्रत काढून झाल्यावर ती एकत्र बांधून, पासवर्ड घालून, तारखेच्या नावाची एकच झिप फाईल करायची आणि फक्त ती ड्राइव्हच्या फोल्डरात टाकायची. छोट्या दुकानाचा डेटा झिप केल्यावर इतका आटतो की गूगलच्या फुकटच्या १५ जीबीत कित्येक महिने मावतात. नेट नसेल तर फाईल थांबून राहते आणि नेट आल्यावर जाते. राउटरचा छोटा यूपीएस यासाठीच. पण लाईट तासन् तास गेली की मोबाईलचा टॉवरही मान टाकतो, तेव्हा क्लाउडवर एकट्यावर भिस्त ठेवू नका.

झिपचा पासवर्ड हरवला तर ती फाईल कुणालाच उघडत नाही. कागदावर लिहा. आणि खातं मालकाचं हवं. नोकरी सोडून गेलेल्या मुलाच्या जीमेलवर सगळा बॅकअप अडकलेली दोन दुकानं मला माहीत आहेत.

९. तालीम

सगळं लावून झालं की रविवारी, दुकान बंद असताना, दोन तालमी करा.

पहिली: सॉफ्टवेअरची डेमो कंपनी उघडा, खोटं बिल अर्धवट भरा आणि भिंतीवरचा यूपीएसचा स्विच बंद करा. घड्याळ लावा. कॉम्प्युटर आपणहून हायबरनेट झाला का, किती मिनिटांत, आणि परत सुरू केल्यावर बिल जागेवर आहे का. माझ्या पहिल्या तालमीत पडदा यूपीएसवर होता आणि सीपीयू भिंतीवरच्या त्याच स्विचच्या दुसऱ्या सॉकेटवर. म्हणजे अंधारात नुसता पडदा लख्ख!

दुसरी: बॅकअप परत उघडून बघा, शक्यतो दुसऱ्या कॉम्प्युटरवर. नसेल तर त्याच कॉम्प्युटरवर 'तालीम' नावाचा वेगळा फोल्डर करून त्यात. चालू डेटाच्या फोल्डरावर बॅकअप कधीही रिस्टोअर करू नका. जुनी प्रत नव्या नोंदींवर बसते आणि त्या जातात. उघडल्यावर तीन आकडे ताडा: शेवटचा बिल नंबर, रोकड शिल्लक, एकूण येणं. तिन्ही जुळले तर प्रत खरी. ही तालीम मी दर तीन महिन्यांनी करतो.

१०. कायदा काय म्हणतो, थोडक्यात

जीएसटीच्या नियम ५७ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदी ठेवणाऱ्याने त्यांचा योग्य बॅकअप ठेवायचा असतो. अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या तर वाजवी वेळेत त्या परत उभ्या करता आल्या पाहिजेत. कलम ३६ प्रमाणे हिशेब वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपायचे. तुमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर २०२२ पासून हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोजच्या रोज ठेवावा लागतो. तुम्हाला यातलं काय लागू आहे ते सीएला विचारा. 'लाईट गेली होती' हे अधिकाऱ्यापुढे कारण म्हणून टिकत नाही.

११. लाईट जाते तेव्हा: भिंतीवरचा कागद

हा कागद मी काउंटरमागे चिकटवलाय, मुलगा नवा असला तरी त्याला वाचता येतो.

लाईट गेली: हातातलं एकच बिल पूर्ण कर, सेव्ह कर, सॉफ्टवेअर बंद कर, कॉम्प्युटर बंद कर. पुढचं गिऱ्हाईक छापील बिलबुकावर. त्या बुकाचा अनुक्रम वेगळा आहे, पुढे 'ह' अक्षर आहे. जीएसटीत बिलांच्या एकाहून जास्त मालिका चालतात, प्रत्येकीचा अनुक्रम सलग हवा.

लाईट आली: दहा मिनिटं कॉम्प्युटरला हात लावू नको. पंखा एका वेगाने फिरतोय ना ते बघ. मग सुरू कर. शेवटचा बिल नंबर कार्बनशी ताड. त्यानंतर 'ह' बिलं चढव.

कंपनी उघडत नाही: रिपेअर दाबू नको. आधी बिघडलेल्या डेटा फोल्डरची जशीच्या तशी प्रत काढ, मग मला फोन कर. दुरुस्ती त्या प्रतीवर करून बघू, मूळ तसंच राहील.

कागदाच्या तळाशी यूपीएसची बॅटरी कधी टाकली ती तारीख मार्करने लिहिलीय. दोन-तीन वर्षांत ती बसते, पत्र्याखालच्या उकाड्यात आणखी लवकर. गेल्या वेळची तारीख खोडून खाली नवी लिहिली, तेव्हा मुलाने विचारलं की जुनी का खोडली, पुसली का नाही. किती दिवस टिकली ते कळावं म्हणून.